छापील भुयार कसे वाचावे: ‘टेम्पल ऑफ एलिमेंटल ईव्हिल’चे उदाहरण

टेबलटॉप रोलप्लेइंग खेळात चार-पाच जण एका टेबलाभोवती बसतात. त्यांतील एक जण सूत्रधार, म्हणजे डंजन मास्टर असतो. तो जगाचे वर्णन करतो. बाकीचे आपल्या पात्राने काय केले ते सांगतात आणि निकाल अनिश्चित असेल तिथे फासे टाकतात. अनेक बैठका चालणाऱ्या अशा सलग कथानकाला कॅम्पेन म्हणतात. त्यातील भुयारे, तळघरे आणि पडके वाडे म्हणजे डंजन. शंभराहून अधिक पानांचे छापील डंजन हाती आले, तर सूत्रधाराने त्याचे काय करावे? या प्रश्नाचे उत्तर खेळाच्या इतिहासात सापडते.

पार्श्वभूमी

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ १९७४ साली अमेरिकेत टीएसआर या कंपनीने प्रसिद्ध केला. सूत्रधाराने खेळापूर्वी स्वतः पेन्सिल घेऊन किमान सहा मजल्यांचे नकाशे काढावेत, अशी अपेक्षा त्यातील तिसऱ्या पुस्तिकेत होती. भुयार ही तेव्हा विकत आणायची वस्तू नव्हती. १९७५ च्या ‘ब्लॅकमूर’ या पुरवणीत अर्नेसन यांचे ‘टेम्पल ऑफ द फ्रॉग’ छापले गेले आणि १९७८ पासून टीएसआरने स्वतंत्र साहस-पुस्तिका काढल्या. सूत्रधाराची मेहनत वाचली. पण त्याबरोबर एक धोकाही आला: सूत्रधार केवळ वाचून दाखवणारा होऊन बसण्याचा.

सहा वर्षांची मोकळी जागा

१९७९ मध्ये गायगॅक्स यांची ‘द व्हिलेज ऑफ हॉमलेट’ ही पुस्तिका आली. त्यात एक गाव आहे, जवळच एक पडकी गढी आहे आणि पलीकडे एका दुष्ट मंदिराची चाहूल आहे. मंदिराचा भाग पुढे येणार होता. तो आला १९८५ मध्ये, फ्रँक मेंट्झर यांच्या सहलेखनाने, १२८ पानांच्या ‘टेम्पल ऑफ एलिमेंटल ईव्हिल’ या पुस्तकात. मधल्या सहा वर्षांत ज्याला आपल्या खेळाडूंना मंदिरापर्यंत न्यायचे होते, त्याला ते स्वतःच उभारावे लागले. गाव तेच, पण मंदिर ज्याचे त्याचे. म्हणून १९८५ चे पुस्तकही अनेक शक्यतांपैकी एक मानून वाचावे.

काय उचलावे?

१. कोणाला काय हवे आहे? या मंदिरात पृथ्वी, जल, अग्नी आणि वायू यांचे चार पंथ आहेत आणि त्यांचे आपसांत वैर आहे. खोल्यांचे क्रमांक बाजूला ठेवा. चार गटांची चार उद्दिष्टे एका कागदावर लिहा. खेळाडूंनी एका पंथाशी हातमिळवणी केली, तर उरलेले तिघे काय करतील? या एका प्रश्नावर पाच-सहा बैठका सहज चालतील.

२. आधी काय घडले? कथेनुसार मंदिराच्या सैन्याचा एमरिडी मेडोज येथे पराभव झाला आणि मंदिराला कुलूप लागले. त्या लढाईतून परतलेले सैनिक आज काय करतात? मंदिराच्या बाजूने लढलेल्यांची मुले कुठे आहेत?

३. गाव कशावर चालते? हॉमलेटमधील दोन व्यापारी मंदिराचे छुपे हस्तक आहेत. गावात नवा किल्लाही बांधला जात आहे. मजूर कुठून आले, पैसा कोणाचा, दगड कोण पुरवतो? बांधकामाचा हिशेब तपासताना हस्तक उघडे पडले, तर ते तलवारीशिवाय घडलेले साहस ठरेल.

४. काय राहून गेले? पुस्तकातील मूलतत्त्वे ग्रीक परंपरेप्रमाणे चार आहेत. आपल्याकडे महाभूते पाच. आकाशाचा पाचवा पंथ असता, तर तो कुठे लपला असता?

निष्कर्ष

मोठे छापील डंजन ही खाण आहे. दगड तिथून आणावेत, घर मात्र आपल्या खेळाडूंच्या मापाने बांधावे. १२८ पाने क्रमाने पार पाडणारा सूत्रधार दुसऱ्याच्या कल्पनेची राखण करतो. त्यातून तीन पात्रे, एक जुने वैर आणि एक नकाशा उचलणारा सूत्रधार १९७४ च्या मूळ अपेक्षेच्या अधिक जवळ असतो.

स्वाध्याय

कोणत्याही छापील साहसातील एक ठिकाण निवडा. तेथील तीन गट, प्रत्येकाची एक गरज आणि एक भीती लिहा. राक्षस आणि खजिना पूर्ण वगळा. उरलेल्या मजकुरातून पहिल्या बैठकीचा प्रसंग दहा ओळींत तयार करा.