पानशेतचा पूर, पुण्यातली घरं आणि तुमचा खोकला

केसपेपरवर मी नाव आणि वयानंतर पत्ता लिहितो. नुसतं ‘गोखलेनगर’ सांगून भागत नाही. बैठं घर की इमारत, कितवा मजला, खोलीत झोपतात किती जण, खिडक्या किती, हेही विचारतो. एका आजींनी मला सुनावलं होतं, “डॉक्टर, खोकला मला झालाय, घराला नाही!” आजींना दिलेलं उत्तर तुम्हालाही सांगतो, कारण ते साठ वर्षांपूर्वीपासून सुरू होतं.

१२ जुलै १९६१. काम अपुरं असतानाच पाणी अडवलेलं पानशेत धरण सकाळी फुटलं. त्या लोंढ्याने खालचं खडकवासला धरणही फोडलं आणि मुठेचं पाणी पेठांत आणि डेक्कन जिमखान्यावर शिरलं. नदीकाठचे मातीच्या भिंतींचे वाडे बसले. खडकवासला गेलं म्हणजे पुण्याचा नळही गेला. डॉक्टरच्या दृष्टीने खरी धास्ती इथे सुरू होते. मैला विहिरीत मिसळला की कॉलरा, विषमज्वर आणि कावीळ यांची साथ यायला वेळ लागत नाही. आजी तेव्हा लहान होत्या. शाळेत मुक्काम, पाणी उकळूनच प्यायचं आणि रांगेत उभं करून टोचलेली लस, एवढं त्यांना पक्कं आठवतं.

पुनर्वसनाची सूत्रं पूर्वी पुण्याचे आयुक्त राहिलेल्या स. गो. बर्वे यांच्याकडे आली. घाई होती, म्हणून ‘निसेन हट’ उभ्या राहिल्या. पिंप उभं कापून आडवं ठेवावं तशी ही पत्र्याची अर्धगोल घरं. पीटर निसेन या लष्करी इंजिनिअरने १९१६ मध्ये, पहिल्या महायुद्धात, सैनिकांसाठी ती आखली होती. थंड मुलखातल्या सैनिकाला ती ठीक, पण पुण्याच्या एप्रिलमध्ये बाळंतीण आत झोपवायची म्हणजे कठीणच.

पुढे गोखलेनगर, जनवाडी, दत्तवाडी, पर्वती, सहकारनगर अशा भागांत पूरग्रस्तांच्या वसाहती झाल्या. “तिकडे तेव्हा कोल्हे ओरडायचे,” असं आजी म्हणतात. त्यांच्या वाट्याला आलेलं घर लहान होतं, पण पुढे अंगण, मागे मोकळी जागा आणि समोरासमोर खिडक्या होत्या.

दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये सरकारी घरबांधणीचं खातं अन्युरिन बेव्हन या आरोग्यमंत्र्याकडे होतं. १९४८ मध्ये तिथली मोफत आरोग्यसेवा सुरू करणारा हाच माणूस. घर आणि आरोग्य एकाच टेबलावर, हे मला फार पटतं. अर्थात त्यांनाही सगळं जमलं नाही. तिथे दीड लाखाहून अधिक तयार घरं साधारण १० वर्षांसाठी म्हणून उभारली आणि त्यांतल्या कित्येकांत लोक अनेक दशकं राहिले.

आपल्याकडे कुटुंबं वाढली. अंगणावर पत्रे आले, मग भिंती, मग वरचा मजला. दोन घरांमधली फट बुजली. मी यासाठी कुणाला बोल लावणार नाही. जमीन सरकारी भाडेपट्ट्यावर, मालकीचा प्रश्न वर्षानुवर्षं रेंगाळलेला, मुलाचं लग्न मात्र यंदाच. माणूस करणार काय?

पण या सगळ्यात वारा हरवला. क्षयाचा रुग्ण खोकला की जंतू अतिसूक्ष्म थेंबांतून हवेत जातात आणि बंद खोलीत काही तास तरंगू शकतात. वारा खेळता असेल तर ते विरळ होतात, उन्हात मरतात. एकाच्या छातीतून दुसऱ्याच्या छातीत जाण्याची शक्यता अशी घटते. औषधाला हा पर्याय नव्हे. दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळचा बारीक ताप, वजन घटणं यांपैकी काहीही असेल तर थुंकी तपासायलाच हवी. सरकारी दवाखान्यात तपासणी आणि औषधं मोफत मिळतात.

आजींची थुंकी तपासली आणि क्षयच निघाला. सहा महिन्यांचा उपचार सुरू केला, घरातल्या सगळ्यांची तपासणी केली. त्यांच्या खोलीला खिडकी होती, पण तिच्यापुढे लोखंडी कपाट. नातवाने ते दुसऱ्याच दिवशी हलवलं. बिजागऱ्या गंजलेल्या होत्या, सुतार बोलवावा लागला.