स्पॅनिश राजसत्तेचा उदय : मुकुट एक, राज्ये अनेक

पंधराव्या शतकाच्या मध्यास आयबेरियन द्वीपकल्पात ‘स्पेन’ नावाचे एकसंध राज्य अस्तित्वात नव्हते. कॅस्टिल, ॲरागॉन, पोर्तुगाल आणि नव्हारे ही चार ख्रिस्ती राज्ये व दक्षिणेकडील ग्रानाडाची मुस्लिम अमिरात अशी या भूमीची विभागणी होती. पुढच्या शंभर वर्षांत मात्र येथील राजाचा अंमल नेपल्स, मिलान, नेदर्लंड्‌स, मेक्सिको आणि पेरूपर्यंत पोहोचला. हा उदय केवळ तलवारीच्या किंवा अमेरिकेतील चांदीच्या बळावर झाला नाही. विवाहसंबंध, कायदेपंडितांची नोकरशाही, धर्मसंस्थेवरील नियंत्रण आणि सावकारांचे कर्ज यांचाही त्यात मोठा वाटा होता. या वैभवाची किंमत मोजणारे लोकही थोडे नव्हते.

विवाह आणि वारसायुद्ध

१९ ऑक्टोबर १४६९ रोजी वायादोलिद येथे कॅस्टिलची राजकन्या इसाबेला आणि ॲरागॉनचा युवराज फर्डिनंड यांचा विवाह झाला. वधूचे वय अठरा, तर वराचे सतरा होते. कॅस्टिलचा राजा चौथा हेन्री हा इसाबेलाचा सावत्र भाऊ. त्याचा या विवाहास विरोध असल्याने फर्डिनंड व्यापाऱ्यांच्या तांड्यातील नोकराच्या वेशात कॅस्टिलमध्ये आला. वधूवर परस्परांचे नातलग असल्यामुळे पोपची विशेष अनुमती आवश्यक होती. विवाहप्रसंगी सादर झालेले अनुमतिपत्र बनावट होते. खरी अनुमती १४७१ मध्ये मिळाली.

१४७४ मध्ये हेन्रीचा मृत्यू होताच इसाबेलाने सेगोव्हिया येथे स्वतःस राणी घोषित केले. हेन्रीची कन्या हुआना हिच्या बाजूने पोर्तुगालचा राजा पाचवा अफोन्सो युद्धात उतरला. हे वारसायुद्ध १४७९ च्या तहाने संपले आणि त्याच वर्षी फर्डिनंड ॲरागॉनच्या गादीवर आला. मुकुट एकत्र आले. राज्ये मात्र वेगळीच राहिली. प्रत्येकाचे कायदे, नाणी, जकातनाकी आणि ‘कोर्तेस’ ही प्रातिनिधिक सभा स्वतंत्र होती. ॲरागॉन, कॅटालोनिया व व्हॅलेन्शिया येथे परंपरागत हक्क पाळण्याची शपथ राजाला घ्यावी लागे. कॅस्टिल आकाराने व लोकसंख्येने कितीतरी मोठे होते आणि तेथे राजाला कमी अडथळे होते. त्यामुळे राजसत्तेची मुख्य उभारणी कॅस्टिलमध्येच झाली.

सरदारांना लगाम

दीर्घ यादवीमुळे कॅस्टिलमधील सरदार प्रबळ झाले होते. १४७६ मध्ये नगरांच्या जुन्या सशस्त्र संघटनांची पुनर्रचना करून ‘सांता एर्मांदाद’ हे शांतिरक्षक दल उभारण्यात आले. रस्त्यांवरील लुटारूंचा बंदोबस्त हे त्याचे काम होते. पण राजाच्या हाती त्यामुळे कायमचे एक साधन आले. १४८० मध्ये टोलेडो येथील कोर्तेसमध्ये आणखी महत्त्वाचे निर्णय झाले. १४६४ नंतर सरदारांनी बळकावलेल्या राजकीय उत्पन्नापैकी सुमारे निम्मे परत घेण्यात आले. राजपरिषदेत एक धर्माधिकारी, तीन सरदार आणि आठ-नऊ कायदेपंडित अशी रचना झाली. मोठ्या उमरावांना परिषदेत बसता येई, परंतु मत देता येत नसे. प्रमुख नगरांत ‘कोरेहिदोर’ हा राजाचा अधिकारी नेमला जाऊ लागला.

सरदारवर्ग नष्ट झाला असे मात्र नव्हे. त्यांच्या जमिनी, मानमरातब व करमाफी बहुतांशी कायम राहिली. राजसत्तेने त्यांच्याकडून राजकारण काढून घेतले आणि संपत्ती त्यांच्याकडेच ठेवली. सांतियागो, कालात्राव्हा व अल्कांतारा या धनाढ्य लष्करी धर्मसंघांचे प्रमुखपदही क्रमाक्रमाने फर्डिनंडकडे आले. १५२३ मध्ये पोपच्या आज्ञापत्राने ते मुकुटाशी कायमचे जोडले गेले.

१४९२ : विजय आणि हद्दपारी

१४८२ मध्ये सुरू झालेले ग्रानाडाचे युद्ध २ जानेवारी १४९२ रोजी तेथील शेवटचा अमीर बोआब्दिल याच्या शरणागतीने संपले. मुस्लिम रहिवाशांना धर्म, मालमत्ता आणि न्यायपद्धती यांच्या रक्षणाचे लेखी वचन देण्यात आले होते. ते दहा वर्षेही टिकले नाही. सक्तीच्या धर्मांतराविरुद्ध १४९९ मध्ये उठाव झाला, तो मोडून काढण्यात आला आणि १५०२ मध्ये कॅस्टिलमधील मुस्लिमांपुढे धर्मांतर किंवा देशत्याग असे दोनच पर्याय ठेवण्यात आले.

ज्यूंच्या वाट्याला हे आधीच आले होते. ३१ मार्च १४९२ च्या फर्मानाने त्यांना जुलैअखेरपर्यंत बाप्तिस्मा घेण्याचा किंवा देश सोडण्याचा आदेश दिला गेला. जाताना सोने, चांदी व नाणी नेण्यास बंदी असल्याने घरेदारे मातीमोल भावाने विकावी लागली. अनेकांनी पोर्तुगाल, उत्तर आफ्रिका व ऑटोमन साम्राज्य येथे आश्रय घेतला. पोर्तुगालमध्ये गेलेल्यांवर १४९७ मध्ये तेथेही धर्मांतर लादले गेले.

जे पूर्वीच ख्रिस्ती झाले होते, त्यांच्यावर इन्क्विझिशनची नजर होती. पोप चौथा सिक्स्टस याने १४७८ मध्ये अनुमती दिलेले हे धर्मन्यायासन १४८० पासून सेव्हिल येथे काम करू लागले आणि १४८३ मध्ये तोमास दे तोर्केमादा त्याचा मुख्याधिकारी झाला. त्याच्या अधिकाऱ्यांच्या नेमणुका राजसत्ता करीत असे. कॅस्टिल व ॲरागॉन या दोन्ही राज्यांत ज्याचा हुकूम सारखा चाले, अशी ही जवळजवळ एकमेव संस्था होती. राज्ये एक करणारा समान कायदा नव्हता, समान नाणे नव्हते. समान होते ते हे भय.

कोमुनेरोंचा उठाव

फर्डिनंडचा मृत्यू १५१६ मध्ये झाला आणि त्याचा नातू चार्ल्स गादीवर आला. गेंट येथे जन्मलेला हा सतरा वर्षांचा राजा १५१७ मध्ये स्पेनमध्ये उतरला, तेव्हा त्याला स्थानिक भाषा येत नव्हती. १५१९ मध्ये पवित्र रोमन सम्राटपदाच्या निवडणुकीसाठी त्याच्या पक्षाने सुमारे साडेआठ लाख फ्लोरिन खर्च केले. त्यांतील मोठा भाग आउग्सबुर्गच्या फुगर सावकारांनी दिला होता. परदेशी सल्लागारांना मिळणारी मोठी पदे आणि सम्राटपदासाठी मागितला जाणारा कर यांमुळे कॅस्टिलमधील नगरे खवळली. १५२० मध्ये टोलेडो, सेगोव्हिया आदी नगरांनी बंड केले. राजाने नगरांचे म्हणणे ऐकलेच पाहिजे, अशी या ‘कोमुनेरों’ची मूळ मागणी होती.

बंडाचे लोण सरदारांच्या जहागिरींत पसरताच आधी तटस्थ असलेले सरदार राजाकडे वळले. २३ एप्रिल १५२१ रोजी व्हियालार येथे बंडखोरांचा पराभव झाला आणि दुसऱ्याच दिवशी पादिया, ब्राव्हो व माल्दोनादो या तीन नेत्यांचा शिरच्छेद करण्यात आला. चार्ल्सनेही त्यातून धडा घेतला. १५२२ मध्ये परतल्यावर तो सलग सात वर्षे स्पेनमध्ये राहिला आणि प्रशासनात कॅस्टिलच्या लोकांना स्थान दिले. तथापि कॅस्टिलच्या नगरांचे बळ खचले ते खचलेच.

कागदावरचे साम्राज्य

अमेरिकेतील व्यापारावर नियंत्रण ठेवण्यासाठी सेव्हिल येथे १५०३ मध्ये ‘कासा दे कोंत्रातासिओन’ ही कचेरी स्थापन झाली होती. १५२४ मध्ये इंडीज परिषद आली. १५४५ मध्ये पोतोसी येथे चांदीची खाण सापडली. खाणींच्या उत्पन्नाचा पाचवा हिस्सा राजाचा असे. डोंगराच्या पोटात राबणाऱ्या स्थानिक मजुरांच्या सक्तीच्या श्रमावर ही चांदी निघत होती.

१५५६ मध्ये गादीवर आलेल्या दुसऱ्या फिलिपने १५६१ मध्ये दरबार माद्रिदला नेला. घोड्यावरून फिरणाऱ्या चार्ल्सच्या उलट, तो टेबलापाशी बसून राज्य करी. विविध परिषदांचे अहवाल वाचून तो समासात शेरे लिही. हुकमाखाली ‘मी, राजा’ अशी सही असे. सिमांकास येथील किल्ल्यात राज्याचे दफ्तर जतन होऊ लागले. तरीही खर्चाला चांदी पुरेना. १५५७, १५६०, १५७५ आणि १५९६ अशी चार वेळा त्याच्या सरकारने कर्जाची परतफेड थांबवली. उत्पन्नाचा मोठा भार कॅस्टिलमधील करदात्या रयतेवरच राहिला.

१५८० मध्ये फिलिपने पोर्तुगालचा मुकुटही मिळवला. त्यामुळे १६४० पर्यंत गोवा, वसई व चौल ही ठाणी माद्रिदमधील राजाच्या अधिपत्याखाली होती. मात्र १५८१ च्या तोमार येथील कोर्तेसमध्ये दिलेल्या वचनानुसार पोर्तुगालचे कायदे व वसाहतींचा कारभार पोर्तुगीजांकडेच राहिला. जुन्या गोव्यातील व्हाइसरॉयची कमान याच काळातील आहे. गोव्यात १५६० मध्ये सुरू झालेले इन्क्विझिशन पोर्तुगीज मुकुटाचे होते आणि ते या एकीकरणाच्या आधीचे होते, हेही लक्षात ठेवले पाहिजे.

सत्तेच्या मर्यादा

१५९१ मध्ये ॲरागॉनमध्ये हक्कांच्या प्रश्नावरून दंगल झाली, तेव्हा फिलिपने सैन्य धाडले आणि तेथील सर्वोच्च न्यायाधिकारी हुआन दे लानुसा याचा शिरच्छेद करविला. असे असूनही ॲरागॉनचे कायदे त्याने रद्द केले नाहीत, त्यांत बदल करून घेतले. पुढे ओलिव्हारेस या मंत्र्याने १६२६ मध्ये सर्व राज्यांवर लष्करी भार वाटून टाकण्याची योजना मांडली, तेव्हा मात्र ताण असह्य झाला. १६४० मध्ये आधी कॅटालोनियाने आणि मग पोर्तुगालने बंड केले. पोर्तुगाल कायमचे सुटले.

ॲरागॉन व व्हॅलेन्शिया यांचे स्वतंत्र कायदे १७०७ मध्ये आणि कॅटालोनियाच्या राज्यसंस्था १७१६ मध्ये रद्द झाल्या, त्याही हॅप्सबर्ग घराण्याच्या नव्हे, तर बूर्बाँ घराण्याच्या राजवटीत. म्हणजे जगभर पसरलेल्या या राजसत्तेला आपल्याच घरात एक कायदा लागू करण्यास इसाबेला-फर्डिनंडच्या विवाहानंतर जवळजवळ अडीचशे वर्षे लागली. कॅटालोनियात आजही ११ सप्टेंबर हा दिवस १७१४ मधील बार्सिलोनाच्या पाडावाचे स्मरण म्हणून पाळला जातो आणि कॅस्टिल-लिओन प्रांताचा अधिकृत दिन २३ एप्रिल, म्हणजे व्हियालारच्या पराभवाचा दिवस आहे. स्पॅनिश राजसत्तेचे विजय पाठ्यपुस्तकांत नोंदले गेले. तिच्यापुढे हरलेल्यांची आठवण त्या त्या प्रांतांच्या दिनदर्शिकेत टिकून राहिली आहे.