मोहोरबंद पृष्ठे आणि दप्तराचे स्वामित्व

राजपुरुषाच्या हाती अधिकारकाळात आलेले कागद त्याच्या निवृत्तीनंतर वा मृत्यूनंतर कोणाच्या मालकीचे, हा प्रश्न वरकरणी कायद्याचा दिसतो; परंतु इतिहाससंशोधकाच्या दृष्टीने तो साधनांच्या अस्तित्वाचाच प्रश्न होय. अहमदनगरच्या किल्ल्यात (२०२४ पासून शहराचे व जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर आहे) एकत्र बंदिवास भोगलेल्या दोन राष्ट्रनेत्यांच्या कागदपत्रांच्या आधारे प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

मराठी इतिहासाच्या अभ्यासकास हा प्रश्न अपरिचित नाही. पेशवाईत कारभाऱ्याच्या वाड्यात खाजगी पत्रे आणि राज्यकारभाराचे कागद यांचे रुमाल शेजारी शेजारी बांधले जात. नाना फडणिसांचे मेणवली दप्तर हे त्याचे ठळक उदाहरण. उलटपक्षी पेशव्यांचे सरकारी दप्तर १८१८ नंतर इंग्रजांच्या ताब्यात गेले व पुढील शतकभर अभ्यासकांना त्यात मुक्त प्रवेश मिळाला नाही. गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या संपादनाखाली त्यातील निवडक कागदांचे ४५ खंड १९३० ते १९३४ या काळात निघाले, तेव्हा मराठ्यांच्या इतिहासलेखनाचा पायाच विस्तारला. दप्तर घरात राहिले तर वारसांच्या मर्जीवर आणि सरकारात गेले तर सत्तेच्या मर्जीवर अवलंबून राहते, हा धडा त्यातून मिळतो.

९ ऑगस्ट १९४२ च्या पहाटे मुंबईत अटक झालेल्या काँग्रेस कार्यकारिणीच्या सभासदांना अहमदनगरच्या किल्ल्यात ठेवण्यात आले. त्या बारा बंदिवानांत काँग्रेसचे तत्कालीन अध्यक्ष मौलाना अबुल कलाम आझाद, जवाहरलाल नेहरू, सरदार पटेल, गोविंद वल्लभ पंत, आचार्य नरेंद्र देव आणि शंकरराव देव हे होते. नेहरूंनी येथे १९४४ साली ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिले. आझादांनी हबीबुर रहमान खान शेरवानी यांना उद्देशून, परंतु टपालात न पडलेली, उर्दू पत्रे लिहिली. ती ‘गुबार-ए-खातिर’ या नावाने १९४६ साली प्रसिद्ध झाली. या लेखनाच्या मालकीविषयी संशय नाही. लिहिणारे अधिकारपदावर नव्हते, सरकारचे बंदी होते. संशयास जागा झाली ती हेच पुरुष राज्यकर्ते झाल्यानंतरच्या कागदांविषयी.

स्वतंत्र भारताचे शिक्षणमंत्री असतानाच आझादांनी आपल्या राजकीय आठवणी उर्दूत सांगितल्या व हुमायून कबीर यांनी त्यांना इंग्रजी रूप दिले. २२ फेब्रुवारी १९५८ रोजी आझाद निवर्तले. ‘इंडिया विन्स फ्रीडम’ हा ग्रंथ १९५९ च्या आरंभी निघाला. मात्र त्यातील सुमारे तीस पृष्ठे वगळलेली होती. ती प्रामुख्याने वैयक्तिक स्वरूपाची असल्याचे कबीरांनी नमूद केले. आझादांच्या इच्छेनुसार संपूर्ण संहितेची एक प्रत दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात व दुसरी कलकत्त्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयात मोहोरबंद ठेवली गेली. तीस वर्षांनी मोहोर फोडावयाची होती.

ही पृष्ठे शासकीय अर्थाने गोपनीय दस्तऐवज नव्हती, हे ध्यानी घेतले पाहिजे. तथापि, संविधानाच्या तिसऱ्या अनुसूचीप्रमाणे गुप्ततेची शपथ घेतलेला मंत्री सहकाऱ्यांविषयी लिहितो तेव्हा स्वतःची स्मृती व पदामुळे मिळालेले ज्ञान यांची सीमारेषा पुसट होते. ठरलेला दिवस उजाडल्यानंतरही पृष्ठे तत्काळ वाचकांपुढे आली नाहीत. प्रकरण न्यायालयात गेले आणि न्यायालयाच्या आदेशानेच सप्टेंबर १९८८ मध्ये संपूर्ण संहिता मुक्त झाली. १९४६ साली काँग्रेसच्या अध्यक्षपदासाठी आपण पटेलांना पाठिंबा दिला नाही ही चूक झाली, हा निर्वाळा आणि कृष्ण मेनन यांच्याविषयीची कठोर मते या संपूर्ण आवृत्तीत आढळतात. पुढच्याच वर्षी, १९८९ मध्ये, राजमोहन गांधी यांनी एक स्वतंत्र पुस्तक लिहून आझादांच्या अनेक विधानांची परीक्षा केली. मोहोर लागल्याने मजकुराचे प्रामाण्य वाढत नाही. मोहोर फुटल्याने त्याची परीक्षा मात्र शक्य होते.

नेहरूंच्या कागदांची कथा निराळी आहे. ते दिल्लीच्या तीन मूर्ती भवनातील नेहरू स्मारक संग्रहालय व ग्रंथालयात टप्प्याटप्प्याने दाखल झाले. परंतु १९४७ नंतरच्या कागदांसाठी अभ्यासकांस वारसांची अनुमती घ्यावी लागे. २००८ साली ५१ खोकी कागद श्रीमती सोनिया गांधी यांच्या वतीने परत नेण्यात आले. २०२३ साली पंतप्रधान संग्रहालय व ग्रंथालय असे नामांतर झालेल्या या संस्थेच्या एका सदस्याने २०२४ मध्ये ते परत मागितले. ज्यांच्याशी झालेला पत्रव्यवहार त्यांत असल्याचे सांगितले गेले, त्यांत गोविंद वल्लभ पंत यांचेही नाव आहे. हे कागद कुटुंबाची मालमत्ता, की सार्वजनिक संस्थेत एकवार दाखल झाल्यावर राष्ट्राची ठेव, हा वादाचा मुद्दा आहे.

कायदा येथे कितपत साह्य करतो? १९२३ चा शासकीय गुपिते अधिनियम गुपित फोडणाऱ्यास शासन करतो. कागद जतन करीत नाही. १९९३ च्या सार्वजनिक अभिलेख अधिनियमाने केंद्र शासनाचे अभिलेख नष्ट करणे वा विनापरवानगी देशाबाहेर नेणे यांस पाच वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद केली. परंतु खाजगी कागद राष्ट्रीय अभिलेखागाराने देणगीने वा खरेदीने स्वीकारावेत, एवढेच तो म्हणतो. एकाच रुमालात खाजगी व राजकीय मजकूर मिसळला असेल तर निवाडा कोणी करावा, याचे पुरेसे उत्तर त्यात सापडत नाही.

अमेरिकेत अध्यक्ष निक्सन यांच्या ध्वनिफिती व कागद शासनाच्या ताब्यात ठेवणारा १९७४ चा कायदा तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली वैध ठरविला. १९७८ च्या कायद्याने अध्यक्षीय अभिलेख राष्ट्राचे ठरले. तरीही डोनाल्ड ट्रम्प यांच्या फ्लोरिडातील निवासस्थानी ऑगस्ट २०२२ मध्ये झडती होऊन गोपनीय कागद जप्त झाले व जून २०२३ मध्ये आरोपपत्र दाखल झाले. जुलै २०२४ मध्ये विशेष अभियोक्त्याची नियुक्तीच अवैध ठरवून न्यायाधीशांनी तो खटला काढून टाकला. ट्रम्प पुन्हा निवडून आल्यावर त्यांच्याविरुद्धचे अपीलही शासनाने मागे घेतले. कागदांच्या मूळ प्रश्नाचा निवाडा झालाच नाही. स्पष्ट कायदाही स्वयंपूर्ण नसतो, असा याचा अर्थ होय.

या पार्श्वभूमीवर आझादांच्या व्यवस्थेचे महत्त्व प्रतीत होते. त्यांनी मजकूर लपविला खरा. परंतु तो सार्वजनिक संस्थांच्या स्वाधीन केला, दोन ठिकाणी ठेवला आणि उघडण्याचा दिवस नेमून दिला. म्हणूनच न्यायालयापुढे प्रश्न आला तेव्हा मृताची इच्छा व वाचकांचा अधिकार यांत विरोध उरला नाही. जेथे मुदत व अटी यांचा असा निःसंदिग्ध लेख सर्वांसमोर नसतो, तेथे वारस व शासन या दोघांच्याही हेतूंविषयी संशय उत्पन्न होतो आणि अभ्यासक दाराबाहेर तिष्ठत राहतो.

महाराष्ट्राच्या जिल्ह्याजिल्ह्यांतून माजी मंत्री, आमदार व सहकारी चळवळीचे धुरीण यांचे कागद आज त्यांच्या घरांतच आहेत. कोणता कागद पदामुळे हाती आला, कोणता स्वतःचा, याची याद संबंधितांच्या हयातीतच झाली पाहिजे. संवेदनशील भागास मुदतीची मोहोर लावण्यास हरकत नसावी. हे काम न्यायालयांवर सोडल्यास निवाडा लागेपर्यंत कागद टिकतीलच, याची हमी कोणताही कायदा देऊ शकत नाही.