पॅडच्या पाठीवरची दोन अक्षरं

तोरंगण घाट उतरताना माझा ब्रेक फेल झाला नाही. झाला असता तर निदान कळलं असतं. पेडल पायाखाली दगडासारखं घट्ट होतं आणि तरी बोलेरो थांबत नव्हती. त्र्यंबकहून मोखाड्यामार्गे जव्हारला येत होतो. मागे आई आणि मावशी, टपावर कांद्याची दोन पोती. दुसरा गिअर, मग पहिला, हँडब्रेक आणि काहीतरी करपल्याचा वास. एका वळणानंतर रस्ता जरा सपाट लागला, म्हणून हे लिहायला मी आहे. आईनं विचारलं, "चाकाला काही लागलं का रे?" मी म्हणालो, "हो, दगड."

आठच दिवसांपूर्वी पुढचे पॅड बदलले होते. कंपनीचे नाहीत, 'परफॉर्मन्स'वाले. लाल डबा, त्यावर शर्यतीचा चौकड्यांचा झेंडा आणि मोबाइलवर वाचलेले पाच-पाच तारे.

जव्हारच्या मिस्त्रीकाकांनी चाक खोललं, पॅड काढला, बोटानं पुसला. "डबा काय बघतोस? ह्याची पाठ बघ." पॅडच्या पोलादी पाठीवर आकड्यांच्या शेपटीला दोन इंग्रजी अक्षरं होती: एफ, ई.

त्या दोन अक्षरांचा अर्थ मी घरी जाऊन शोधला. ती अमेरिकेतल्या इंजिनिअरांच्या संघटनेची पद्धत आहे. पॅडचा छोटा तुकडा ड्रमवर घासून घर्षण मोजायचं. पहिलं अक्षर साधारण तापमानाचं, दुसरं तापल्यावरचं. ई म्हणजे घर्षणांक 0.25 ते 0.35, एफ म्हणजे 0.35 ते 0.45, जी त्याच्याही वर. माझा पॅड गावातल्या गावात एफ होता आणि घाटात तापला की ई. झेंडा मात्र दोन्हीकडे तोच. (एफएफ दिसलं की पॅड उत्तम, असंही नाही. तो किती दिवस टिकेल, डिस्क किती खाईल, हे ती अक्षरं सांगत नाहीत.)

मग प्रश्न पडला, की ब्रेकच्या धंद्यात नाव होतं कसं? शोधत गेलो तर पोचलो पुन्हा एका उतारावरच. इंग्लंडच्या डर्बीशायरमधल्या डोंगराळ भागात हर्बर्ट फ्रूड नावाच्या माणसानं पाहिलं, की उतारावर घोडागाड्यांचा लाकडी ब्रेक पुरत नाही, म्हणून गाडीवान त्यावर जुन्या बुटांचं कातडं ठोकतात. त्यानं 1897 मध्ये यापेक्षा बरं काहीतरी बनवायला घेतलं. स्वतःच्या आडनावाची अक्षरं उलटसुलट केली, त्यात बायकोच्या एलिझाबेथ नावातला ई घातला आणि झालं फेरोडो. शर्यतीच्या गाड्यांचे पॅड घेणारे आजही हे नाव आदरानं घेतात. मला ही गोष्ट वाचून बरं वाटलं. म्हणजे हे नाव जाहिरातीत नाही, आपल्यासारख्याच घाटात कमावलेलं.

पण गोष्ट तिथे थांबत नाही. फ्रूडच्या पट्ट्यांत आधी कापूस होता. कापूस उष्णतेनं जळतो. 1908 पासून अॅस्बेस्टॉस आला. तो जळत नाही, झिजतो हळू, पकडतो छान. पुढची कित्येक दशकं जगभर चांगला ब्रेक म्हणजे अॅस्बेस्टॉसचा ब्रेक. आपल्याकडे घाटकोपरला हिंदुस्थान फेरोडोचा कारखाना होता. डोंगरावर घेतलेल्या परीक्षेत हे लायनर अव्वल उतरले, पण त्यांची धूळ फुप्फुसात गेली तर काय होतं, हा प्रश्न त्या परीक्षेत नव्हता. 2005 मध्ये मुंबईतल्या एका अॅस्बेस्टॉस गिरणीच्या कामगारांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. तपासलेल्या 181 जणांपैकी 41 जणांना अॅस्बेस्टॉसिस होता.

फेरोडो 1920 च्या दशकात टर्नर अँड न्यूऑल या अॅस्बेस्टॉस कंपनीकडे गेली. तो समूह 1998 मध्ये अमेरिकेच्या फेडरल-मोगलनं घेतला आणि 2001 मध्ये अॅस्बेस्टॉसच्या दाव्यांखाली फेडरल-मोगलनंच दिवाळखोरीचा अर्ज केला. 2018 मध्ये तीही टेनेकोनं विकत घेतली. डब्यावरचं नाव या सगळ्यातून सहीसलामत बाहेर आलं. आजचा माल चांगला आहे, अॅस्बेस्टॉसमुक्त आहे. पण 'सव्वाशे वर्षांचा विश्वास' असं कुठे वाचलं, की मी विचारतो: कोणाचा, कशाबद्दलचा?

युरोपात आर-90 नावाचा एक नियम आहे, तो मला फार आवडला. बदली पॅडची कामगिरी मूळ पॅडपेक्षा 15 टक्क्यांहून जास्त वेगळी असता कामा नये. कमी नको तसा जास्तही नको. 'जास्त' हाच ज्या धंद्याचा जीव, त्याला हे बोचत असणार. पण विचार करा. पुढच्या चाकांनी अचानक जास्त चावा घेतला, मागचे ड्रम तसेच राहिले, तर पावसात गाडी कुठे जाईल? शिवाय खऱ्या रेसिंग पॅडला पकडायला आधी गरम व्हावं लागतं. जुलैत, धुक्यात, जव्हारहून निघून पहिल्याच वळणावर गुरं आडवी आली, तर तो अजून थंडच असतो. म्हणजे ट्रॅकवर खरंखुरं कमावलेलं नावही इथे उपयोगाचं असेलच असं नाही.

मी शेवटी कंपनीचेच पॅड घेतले. बिलासकट. तोच घाट पुन्हा उतरलो, या वेळी सुरुवातीपासून दुसऱ्या गिअरवर, मागे कोणालाही न बसवता.

पॅड बसवताना काकांनी मागचे ड्रमही खोलले. आत काळी, मऊ धूळ साचली होती. त्यांनी सवयीनं ड्रम तोंडाजवळ नेला आणि फुंकर मारली. मी ओरडलोच. ते हसले. "चाळीस वर्षं फुंकतोय." मग खोकले. मी टपावरचं जुनं फडकं नळाखाली भिजवून त्यांच्या हातात दिलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, फडकं पिळलं आणि दुसरा ड्रम पुसायला घेतला.