डीएनए-प्रतिकृतीची एंझाइमे व सिकलसेल

आर्थर कोर्नबर्ग यांनी १९५६ साली डीएनए पॉलिमरेज शोधले. मूळ रेणूची नक्कल हे एंझाइम निष्ठेने उतरविते. म्हणूनच एकदा शिरलेला दोषही पिढ्यान्‌पिढ्या टिकतो. १९८२ पर्यंत एकच जिल्हा असलेल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या वनप्रदेशात आढळणारा सिकलसेल हा असाच वारसा होय.

पॉलिमरेजला घटकद्रव्ये पुरविण्याच्या कामी रायबोन्यूक्लिओटाइड रिडक्टेज हे दुसरे एंझाइम आवश्यक असते. १८६९ साली प्रथम सिद्ध केलेले हायड्रॉक्सियुरिया त्यालाच रोधते. त्यायोगे गर्भीय हीमोग्लोबिन वाढते व रक्तकण विळ्यासारखे वाकण्यास प्रतिबंध होतो. १९९५ च्या अमेरिकी चाचणीत प्रौढ रुग्णांतील वेदनांचे झटके सुमारे ४४ टक्क्यांनी घटले. परंतु प्रतिकृती रोधणाऱ्या औषधास नियमित रक्ततपासणीची जोड हवी. एटापल्ली-भामरागडसारख्या दुर्गम तालुक्यांत या संशोधनाची कसोटी तेथेच लागते.