सायकल एकच, फरक अंगाअंगाचा

“एवढं चालतेस तरी शुगर उतरत नाही? मग चालतच नसशील!” असं घरात ऐकून घेणाऱ्या बाया आम्हाला प्रत्येक गटात भेटतात. म्हणून आज या टोमण्याआडचा थोडा इतिहास सांगतो.

रक्तातली साखर अंगात मुरायला इन्शुलिन लागतं. कुणाचं शरीर थोड्या इन्शुलिनलाही दाद देतं, कुणाचं देत नाही. मधुमेह्यांमधला हा फरक लंडनचे डॉक्टर हॅरोल्ड हिम्सवर्थ यांनी १९३६ साली दाखवला. व्यायामाने ही दाद सुधारते, हे पुढे कळलं. पण सगळ्यांची सारखीच सुधारते का?

कॅनडातल्या क्वेबेकमध्ये क्लोद बुशार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आधी जुळ्यांकडे पाहिलं. अगदी एकसारख्या जुळ्यांच्या दहा जोड्यांकडून वीस आठवडे व्यायाम करून घेतला. जोडीतल्या दोघांचा दम साधारण सारखा वाढला, पण जोडीजोडीत मोठा फरक निघाला. हे १९८४ साली छापून आलं.

मग १९९० नंतर अमेरिका आणि कॅनडात ‘हेरिटेज’ नावाचा मोठा अभ्यास झाला. व्यायामाची सवय नसलेली कुटुंबं निवडली, आईवडील आणि मुलं सगळी. वीस आठवडे, आठवड्यातून तीनदा, जागच्या जागी चालणारी सायकल, तीही देखरेखीखाली. म्हणजे कुणी चुकारपणा केला म्हणायची सोयच नाही! (असा पहारा आपल्या टोमणे मारणाऱ्यांवर बसवला पाहिजे.)

१९९९ साली कळलं की दम वाढण्यात एका घरातल्या माणसांपेक्षा घराघरांतला फरक अडीचपट आहे. त्यातला जवळपास निम्मा वाटा घराण्याकडून येतो. इन्शुलिनचा हिशोब २००५ साली आला. ही माणसं मधुमेही नव्हती. दाद सरासरी दहा टक्के सुधारली, पण पुरुषांत जास्त, बायकांत कमी. आणि कित्येकांची तर सुधारलीच नाही. व्यायाम तोच, वेळ तेवढाच. जनुकांचा यात हात आहे, पण सगळा दोष देता येईल असं एकच जनुक सापडलेलं नाही. वय, वजन, खाणं हेही आहेच.

त्याच अभ्यासातली एक गोष्ट आम्हाला फार कामाची वाटते. सायकल थांबवल्यावर तीन दिवसांतच ही सुधारणा ओसरू लागली होती. म्हणजे आठवडाभर बसून रविवारी एकदम पाच किलोमीटर चालण्यापेक्षा एकाआड एक दिवस अर्धा तास बरा. आणि शुगर हलली नाही तरी दम वाढतो, पायात बळ येतं, ते वेगळं. चालायला लागलो म्हणून गोळी मात्र मनाने बंद करायची नाही.

बुधवारच्या बैठकीला आशाताई शुगर तपासायचं मशीन आणणार आहेत. आपापली कार्डं घेऊन या.