दाढेची साक्ष

इतिहास म्हटला कीं आम्हांस ताम्रपट आठवतात. परंतु पृथ्वीच्या इतिहासांत कित्येकदां एखादी दाढ हाच ताम्रपट ठरते.

इंग्लंडांत ऑक्सफर्डनजीक स्टोन्सफील्ड येथें छपरांच्या दगडी पाट्यांच्या खाणींत कांहीं इवलेसे जबडे सांपडले. फ्रेंच पंडित क्यूव्हिए यानें १८१८ सालीं ते पाहून सस्तन प्राण्याचे ठरविले. बकलंडनें १८२४ सालीं तसें जाहीर केलें. महासरटांच्या युगांत सस्तन प्राणी! कित्येकांस तें पटेना. १८३८ सालीं ब्लँव्हिल यानें उघड आक्षेप घेतला. तेव्हां ओवेननें ते जबडे पुन्हा तपासले. सरड्यासुसरींचे दांत बहुधा एकसारखे व एकमुळी. या दाढांवर मात्र अनेक उंचवटे, आणि प्रत्येकीस दोन मुळें! क्यूव्हिए १८३२ सालींच वारला होता. त्याचा निर्णय खरा ठरला.

ते खडक सुमारें साडेसोळा कोटी वर्षांपूर्वींचे, असें आज मानतात. दांतांवरील कवच शरीरांत सर्वांत कठीण. म्हणून हाडें नष्ट झालीं तरी दांत उरतात. क्यूव्हिएचें नांव मोठें खरें. परंतु वादाचा निकाल लागला तो नांवानें नव्हे, दाढेच्या मुळांनीं, हें आम्हांस अधिक मोलाचें वाटतें.